ऑटोइम्यून डाएटचा १२ आठवड्यांचा प्रोग्राम केला, फॉर्ममध्ये औषधांचा रकानाच नव्हता

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर माझं रिफंडचं भांडण अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे असे प्रोग्राम आता पैशाला पासरी झालेत, पाटी बदलते पण आतला माल साधारण तोच. तर पाटी सोडा, आत काय असतं ते सांगते, कारण घ्यायच्या आधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे तिसऱ्या आठवड्यात लिहिलेले होते. तिसऱ्या आठवड्यात मीपण ५ स्टार दिले असते. दिलेच होते खरं तर, नंतर जाऊन काढले.

मला रूमटॉइड आर्थरायटिस होऊन ४ वर्षं झाली, आणि हाशिमोटो, म्हणजे थायरॉइडचा, त्याच्याही आधीपासून आहे. दोन्हीत आपलीच इम्यून सिस्टिम आपल्यावर उलटते, एकात सांध्यांच्या आतल्या अस्तरावर, दुसऱ्यात थायरॉइडच्या ग्रंथीवर. सांध्यांसाठी इम्यून सिस्टिमला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सोबत फोलिक ॲसिड, आणि थायरॉइडसाठी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन. मग डाएटच्या नादी का लागले? थकव्यामुळे. हा थकवा ज्याला नाही त्याला समजावता येत नाही, झोपून उठल्यावर पण अंगातून कोणीतरी काम करून घेतलंय असं वाटतं, सकाळी बोटं तासभर मुठीत येत नाहीत, आणि रिपोर्ट म्हणतो तसं ठीक आहे. डॉक्टरांकडे १० मिनिटं मिळतात, त्यात धीर करून विचारलं की काय खाऊ, तर म्हणाले सगळं खा, बॅलन्स्ड खा. माझे डॉक्टर चांगले आहेत, पुढे त्यांनीच मला वाचवलं, पण हा सगळा बाजार त्या एका वाक्यावर उभा आहे हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे. माणूस आजारी पडल्यावर त्याच्या हातात दिवसातून तीनदा येणारी एकच गोष्ट असते, ताट. त्याबद्दल डॉक्टर दोन शब्द बोलतो आणि समोर कोणीतरी १२ आठवडे बोलायला तयार असतो, तर माणूस कुठे जाणार?

तर प्रोग्राम. साइन अप केल्यावर ४० प्रश्नांचा फॉर्म. पोट कसं साफ होतं, लहानपणी अँटिबायोटिक किती घेतली, झोप किती वाजता, राग येतो का, दात कधी काढले, अगदी बारीकसारीक. भरताना मला भरून आलं, इतकं कोणी विचारलंच नव्हतं कधी. आणि औषधांबद्दल एकच प्रश्न, "औषधांपासून मुक्त व्हायला तुम्ही तयार आहात का?", खाली पर्याय दोन, "हो" आणि "हो, पण मदत हवी". कुठली औषधं चालू आहेत, किती डोस, ते लिहायला जागाच नाही. त्या वेळी मला हे खटकलं नाही. आता वाटतं तिथेच फॉर्म बंद करून उठायला हवं होतं.

कारण आठवड्याभरात किट आलं. त्यात हळदीचा अर्क, तोही मिरीच्या अर्कासोबत म्हणजे शोषण जास्त व्हावं म्हणून, अश्वगंधा, एक हिरवी पावडर जिच्यात अल्फाल्फा होतं, १०,००० युनिटची डी व्हिटॅमिनची गोळी रोज एक, आणि "केस, नखं, त्वचा" लिहिलेली मल्टिव्हिटॅमिनची डबी. सगळ्यांना सेम किट. आता बघा, मेथोट्रेक्सेट लिव्हरवर ताण टाकतं म्हणून आमची दर काही महिन्यांनी लिव्हरची टेस्ट होते. आणि जास्त शोषली जाणारी हळदीची सप्लिमेंट आणि अश्वगंधा, दोन्हींमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. जेवणातली हळद नाही हं, अर्काबद्दल बोलतेय, घाबरवायचं नाहीये मला. अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वरही नेऊ शकते. अल्फाल्फात कॅनाव्हनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने ल्युपस, हाही एक ऑटोइम्यून आजार, भडकू शकतो म्हणून ल्युपसवाल्यांना ते टाळायला सांगतात, आणि ग्रुपमध्ये ल्युपसच्या कमीत कमी ५ जणी ती पावडर सकाळ-संध्याकाळ पीत होत्या. डी व्हिटॅमिनची मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा ४,००० युनिट धरतात, डॉक्टरांनी कमतरता बघून जास्त दिलं तर गोष्ट वेगळी, पण इथे कोणी रक्त तपासलंच नव्हतं. जास्त झालं तर कॅल्शियम चढतं, किडनी स्टोनपर्यंत जाऊ शकतं. हे मी सगळं नंतर शिकले. तेव्हा मी फक्त डब्यांचे फोटो काढून बहिणीला पाठवले, की बघ, आता खरी ट्रीटमेंट सुरू.

डाएट म्हणजे ते प्रसिद्ध ऑटोइम्यून प्रोटोकॉल, ज्याला सगळे एआयपी म्हणतात, त्याचाच नाव बदललेला अवतार. सगळी धान्यं बंद. डाळी, कडधान्यं बंद. दूध आणि दुधाचं सगळं बंद. अंडी, सुकामेवा, बिया बंद, आणि बिया म्हणजे मसाल्यातल्या बियासुद्धा. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची एका कुळातले म्हणून बंद. कॉफी, दारू, साखर बंद. मग उरलं काय, तर मांस, मासे, भाज्या, रताळं, फळं मोजून, नारळ, ऑलिव्ह ऑइल. शाकाहारी माणसानं काय करायचं हा प्रश्न ग्रुपमध्ये रोज यायचा आणि कोच रोज "आम्ही मॉडिफाय करून देऊ मॅडम" म्हणायची, आणि मॉडिफाय म्हणजे रताळं. शाकाहारी माणसाचं प्रोटीन येतं डाळी, दूध, अंडी आणि दाण्यांतून, ते चारही काढल्यावर मॉडिफाय करायला उरतंच काय? एक मुलगी होती ग्रुपमध्ये, तिचे सातव्या आठवड्यात केस मुठीने जायला लागले, तिला सांगितलं टॉक्सिन बाहेर पडतायत.

पण पहिले ३ आठवडे, खोटं बोलणार नाही, मस्त गेले. पोट हलकं, दुपारची ती गळून जाणारी झोप गेली, सकाळी बोटं २० मिनिटांत चालायला लागली. १२ आठवड्यांत एकूण ६ किलो उतरले, त्यातले ४ पहिल्या महिन्यात. मी सगळ्यांना सांगत सुटले. ऑफिसमध्ये, नात्यात, मैत्रिणींच्या ग्रुपवर. सासूबाई म्हणाल्या चेहरा उतरलाय तुझा, तर मी त्यांना इन्फ्लमेशनवर, म्हणजे शरीरातल्या सुजेवर, लेक्चर दिलं.

आता इथे एक गोष्ट मी स्वतःलाच सांगितली नव्हती. प्रोग्राम सुरू व्हायच्या साधारण महिनाभर आधी डॉक्टरांनी माझं मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅमवरून १५ केलं होतं. आणि या औषधाचा असर दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. म्हणजे नव्या डोसचा गुण यायची वेळ आणि माझा रताळ्याचा तिसरा आठवडा एकाच मुहूर्तावर आले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात ते हेच, फक्त मी कावळ्याची फी भरली होती. बरं, नुसतं एवढंच नाही, हा आजार स्वतःच वर-खाली होत राहतो, आणि माणूस डाएट कधी सुरू करतो, तर एकदम वाईट दिवस चालू असताना. तिथून पुढे थोडं बरं वाटण्याचीच शक्यता जास्त, तुम्ही काहीही करा.

दुसऱ्या आठवड्यात फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट झाली, पॅकेजमध्येच होती. बोटातून रक्त, १२० पदार्थ, आणि रंगीत रिपोर्ट, लाल म्हणजे कायमचं बंद. ही आयजीजीची टेस्ट असते, आयजीजी म्हणजे रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी, शरीर जे ओळखतं त्याविरुद्ध तयार होणारं प्रोटीन. माझ्या लालमध्ये गहू, दूध, अंडी, टोमॅटो आणि केळं. रिपोर्ट घेऊन मी माझी जुनी फूड डायरी उघडली आणि मला हसू आलं, कारण तो रिपोर्ट म्हणजे माझी डायरीच होती, जे मी सगळ्यात जास्त खाते तेच लाल. आयजीजी असतंच तसलं, तुम्ही तो पदार्थ खाता आणि शरीर त्याला ओळखतं एवढंच ते सांगतं. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट लिहून ठेवलंय की अन्न बाधतं की नाही हे ठरवायला ही टेस्ट वापरू नका. किवी आणि शिंपले हिरव्यात होते. मी आयुष्यात शिंपले खाल्लेले नाहीत.

आता मुख्य गोष्टीवर येते. ग्रुप. ग्रुपमध्ये रोज कोणीतरी लिहायचं, "आज गोळी सोडून १५ दिवस झाले", आणि खाली फुलं, हृदयं, टाळ्या. कोच कधीच म्हणायची नाही की गोळ्या सोडा, कायद्याने बोलता येत नसणार, ती फक्त त्या मेसेजला पहिलं हृदय टाकायची. पाचव्या आठवड्यात मी पण एक डोस चुकवला. मुद्दाम. मग दुसरा. मग तिसरा. आणि काही झालं नाही! बोटं तशीच छान. मी ग्रुपमध्ये लिहिलं, मला ६३ हृदयं आली, अजून स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

काही झालं नाही याचं कारण असं की मेथोट्रेक्सेट बंद केलं तर आजार दुसऱ्या दिवशी परत येत नाही, काही आठवडे जातात. म्हणजे औषध सोडल्यावर जे दिवस चांगले जातात ते जुन्या औषधाच्याच जिवावर, आणि क्रेडिट जातं रताळ्याला. आठव्या आठवड्यात एका सकाळी उठले तर उजवं मनगट पावासारखं फुगलेलं, गुडघ्यात पाणी, ब्रश धरता येईना. कोचला फोटो पाठवला. उत्तर आलं, "हा हीलिंग क्रायसिस आहे, अभिनंदन, बॉडी डिटॉक्स करतेय, २ दिवस फक्त ब्रॉथवर राहा." ब्रॉथ म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी. अभिनंदन! मी ४ दिवस ब्रॉथवर राहिले. पाचव्या दिवशी नवऱ्याने न विचारता अपॉइंटमेंट घेतली. सीआरपी, म्हणजे रक्तातून सूज किती ते सांगणारा आकडा, ७ वरून ४१. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं, फक्त म्हणाले की सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते परत भरून येत नाही, आणि फ्लेअर, म्हणजे आजाराचा असा भडका, थांबवणं म्हणजे ते झिजणं थांबवणं. थोडे दिवस स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट परत सुरू, आणि डब्या सगळ्या टेबलावर काढायला लावल्या.

आणि मग थायरॉइडचं प्रकरण. त्याच आठवड्यात केलेल्या टेस्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) जवळजवळ तळाला आणि टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) वर, म्हणजे कागदावर मला थायरॉइड जास्त झाला होता. थायरॉक्सिनचा डोस कमी करायचं चाललं होतं, तेवढ्यात एंडोक्रायनोलॉजिस्टनी विचारलं, केसांच्या-नखांच्या गोळ्या घेताय का काही? ती डबी. तिच्यात बायोटिन नावाचं बी गटातलं व्हिटॅमिन होतं, ५,००० मायक्रोग्रॅम. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची. बायोटिन तुमच्या थायरॉइडला काही करत नाही, ते टेस्टला गंडवतं, कारण बऱ्याच लॅबच्या मशिनमध्ये मोजमापासाठी बायोटिनचाच वापर असतो, तुमच्या रक्तात भसाभस बायोटिन असलं की टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं जास्त. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, आणि ती फक्त थायरॉइडपुरती नव्हती, हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या टेस्टलाही हा घोळ होतो. गोळी बंद करून आठवड्याने परत टेस्ट केली, सगळं नॉर्मल. आता विचार करा, डॉक्टरांनी नसतं विचारलं तर नसलेल्या आजारासाठी माझं लागणारं औषध कमी झालं असतं. हाशिमोटोवाल्या बायका केस गळतात म्हणून सगळ्यात जास्त हीच गोळी घेतात आणि सगळ्यात जास्त हीच टेस्ट करतात. त्यामुळे हे वाचून बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, हे ठेवा.

अजून एक त्रास झाला. माझं हिमोग्लोबिन कमी, आयर्न कमी, म्हणून डॉक्टरांना सिलिॲकची टेस्ट करायची होती (गव्हातल्या ग्लुटेनमुळे इम्यून सिस्टिम आतड्यावर उलटते तो आजार), थायरॉइडचा ऑटोइम्यून असणाऱ्यांमध्ये सिलिॲक इतरांपेक्षा जास्त सापडतो. पण मी ८ आठवडे गव्हाला हात लावला नव्हता, आणि ही टेस्ट गहू खात असतानाच खरी येते, सोडल्यावर अँटिबॉडी उतरतात आणि असलेला आजार नाही दिसू शकतो. म्हणजे आता टेस्टसाठी काही आठवडे परत गहू खायचा. प्रोग्रामला पहिल्या दिवशी गहू बंद करायच्या आधी एक साधी रक्ताची टेस्ट करून घ्या सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आणि गंमत बघा, जेवण हेच पूर्ण औषध असा ऑटोइम्यून आजार कुठला असेल तर तो सिलिॲक. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिकडे पाव मिळेनासा झाला तर ही आजारी पोरं उलट सुधारली आणि पाव परत आला तशी परत बिघडली, त्यावर १९५० मध्ये त्याने प्रबंध लिहिला. म्हणजे डाएटने ऑटोइम्यून आजार ताब्यात येऊ शकतो हे शंभर टक्के खरं, पण त्या एका आजारात, आणि नेमकी त्याचीच टेस्ट यांनी बिघडवून ठेवली.

बरं, प्रोग्रामवाले पुरावा काही देतच नाहीत असं नाही. वेबिनारमध्ये स्लाइड होत्या, मी फ्लेअरमध्ये पडून होते तेव्हा शोधून वाचल्या. क्रोन्स आणि कोलायटिस या आतड्यांच्या सुजेच्या आजारांवर २०१७ चा एक अभ्यास आहे, त्यात सहाव्या आठवड्यात १५ पैकी ११ जण रेमिशनमध्ये, म्हणजे आजार शांत झालेले. ऐकायला भारी, आणि खोटाही नाही, पण माणसं १५, तुलनेला दुसरा गट नाही, आणि औषधं चालू असलेले लोकही त्यात होते. हाशिमोटोवर २०१९ चा आहे, १७ बायकांनी सुरू केला, १६ जणींनी १० आठवडे पूर्ण केला, त्यांना बरं वाटलं, सीआरपी सरासरी २९ टक्क्यांनी उतरला, पण थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये आणि अँटिबॉडीत म्हणण्यासारखा फरक नाही. स्लाइडवर पहिला भाग होता, दुसरा नव्हता. डी व्हिटॅमिनचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, २५ हजारांवर माणसं, रोज २,००० युनिट, साधारण ५ वर्षं, ऑटोइम्यून आजार नव्याने होण्याचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी. चांगलीच गोष्ट आहे, पण ती आजार व्हायच्या आधीची. माझा होऊन बसलाय.

रूमटॉइडवाल्यांसाठी खरं तर यांच्या स्लाइडवर नसलेलाच अभ्यास जास्त कामाचा होता, १९९१ चा नॉर्वेचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. २७ जणांना आधी आठवडाभर उपास, मग काही महिने ग्लुटेनशिवाय व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नाही, मग हळूहळू दूधदुभतं, असं वर्षभर, आणि २६ जण नेहमीचं खाणारे. डाएटवाल्यांचे सांधे वर्षभर जास्त बरे राहिले. म्हणजे खाण्याने काहीच होत नाही असं म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही थोडं थांबावं लागेल. पण त्यात डाळी आणि धान्यं होती आणि मांस नव्हतं, आणि माझ्या प्रोग्राममध्ये मांस होतं आणि डाळी-धान्यं नव्हती. एकमेकांच्या बरोबर उलट डाएट आणि दोन्हींचे लोक बरे होतात म्हटल्यावर दोषी पदार्थ नेमका कुठला? मला वाटतं दोन्हींत जे कॉमन आहे ते बघावं, पाकिटातलं खाणं गेलं, साखर गेली, भाज्या वाढल्या, वजन उतरलं, आणि कोणीतरी लक्ष देऊन विचारत होतं.

अमेरिकेतल्या रुमॅटॉलॉजिस्टच्या कॉलेजने २०२२ मध्ये फक्त याच विषयावर गाइडलाइन केली, व्यायाम, आहार, बाकीचे उपाय. २८ शिफारशी, त्यातली ठाम एकच, नियमित व्यायाम. आहारात मेडिटेरेनियन पद्धतीचं खाणं (भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह ऑइल), तेही सौम्य शब्दांत, आणि बाकीच्या नाव दिलेल्या डाएटला आणि सप्लिमेंटला सौम्य शब्दांत नकोच. माझ्या प्रोग्राममध्ये व्यायामाचा १ व्हिडिओ होता, ११ मिनिटांचा. सप्लिमेंटचे ५ डबे.

आता खरी तक्रार. एआयपीची मूळ कल्पना वाईट नाहीये. काढून टाका, बरं वाटेपर्यंत थांबा, मग एकेक पदार्थ परत आणा आणि बघा कशाने त्रास होतो. काढणं हा नुसता तयारीचा भाग, शोध लागतो तो परत आणताना. आणि माझ्या १२ आठवड्यांत ११ आठवडे काढायचे आणि परत आणायला शेवटचा १ आठवडा, त्यात ४ पदार्थ एकदम. मग कळणार काय, कपाळ? त्यातून कोच प्रत्येक पदार्थाआधी "त्रास झाला तर लगेच सांगा हं" म्हणायची, म्हणजे त्रास व्हायलाच पाहिजे. मला अंड्याने डोकं दुखलं, टोमॅटोने बोटं जड झाली, बटाट्याने तर नक्कीच सूज आली असं मी शपथेवर सांगितलं असतं. मग पुढचा प्लॅन, "मेंटेनन्स", अजून ६ महिने, अजून पैसे, कारण तुमचं "गट", म्हणजे आतडं, अजून हील झालेलं नाही. बाहेर पडायचं दार असं बांधलंय की ते उघडलं की आतच येतं.

हे मी घरी परत केलं, हॉस्पिटलच्या डाएटिशियनला धरून. एका वेळी एक पदार्थ, मधे ५ दिवस, औषध न बदलता, झोप आणि पाळी पण लिहायची. आणि बटाट्यासाठी नवऱ्याने स्वतःचं डोकं लावलं. ८ दिवस रोज रात्री भाज्यांचं घट्ट सूप मिक्सरमधून काढलेलं, त्यात ४ दिवस बटाटा, ४ दिवस बटाट्याऐवजी फ्लॉवर, कुठल्या दिवशी काय ते त्याच्या फोनमध्ये लिहिलेलं. मी सकाळी बोटं बघून सांगायचं, काल बटाटा होता की नव्हता. ८ पैकी ३ बरोबर. नाणं उडवलं असतं तर जास्त आले असते. सगळ्यात जास्त सूज ज्या सकाळी होती त्याच्या आदल्या रात्री फ्लॉवर होता आणि मी पोराच्या सबमिशनसाठी २ वाजेपर्यंत जागी होते. दुधाने गॅस होतात हे खरं निघालं, पण ते लॅक्टोज, सांध्यांशी त्याचा संबंध नाही, दह्याने होत नाहीत. गव्हाचं सिलिॲकच्या टेस्टसाठी खाऊन झालं, टेस्ट निगेटिव्ह, गहू चालू आहे. म्हणजे एवढ्या सगळ्या खटाटोपातून माझी कायमची यादी निघाली ती अशी: दूध कमी, जागरण नाही.

तुमची वेगळी निघेल. कोणाला खरंच एखादा पदार्थ बाधत असेल, मी नाही म्हणत नाही. फक्त शोधायची पद्धत ही.

चांगलं काय होतं ते पण लिहायला हवं नाहीतर रिव्ह्यू कसला. ॲपची डायरी छान आहे, जेवण, झोप, दुखणं, मूड एका स्क्रीनवर, डॉक्टरांना दाखवायला खूप उपयोग झाला. झोपेचे ४ सेशन उत्तम होते, ती शिकवणारी बाई डॉक्टर होती आणि एकटीच अशी की जिने औषधं चालू ठेवा म्हणून सांगितलं. रेसिपी बऱ्या होत्या, मासे आठवड्यातून दोनदा खायची सवय लागली ती अजून आहे. फिश ऑइलचंही विचारतात बायका, त्याने दुखणं थोडं कमी होतं असे रूमटॉइडमधले अभ्यास आहेत, पण ते साधारण ३ ग्रॅमच्या आसपास ईपीए-डीएचए (फिश ऑइलमधली ओमेगा-३ फॅट) रोज, ३ महिन्यांवर घेऊन, एका कॅप्सूलने नाही, आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. कोच रात्री १० ला पण उत्तर द्यायची. गोड बोलायची. तिच्यावर माझा राग नाही, तिला स्वतःला सोरायसिस होता आणि ती याच प्रोग्राममधून आलेली होती, तिलाही कोणी औषधांचं शिकवलं नव्हतं.

घेणारच असाल तर पैसे भरायच्या आधी त्यांना एवढंच विचारा की माझ्या औषधांची यादी कोण वाचणार, आणि त्याचं शिक्षण काय. टाइप वन डायबिटीसवाल्यांनी तर हेही विचारू नका, सरळ निघा, ग्रुपमध्ये एका मुलाच्या आईला इन्सुलिनचे युनिट हळूहळू शून्यावर आणू म्हणून सांगितलेलं मी वाचलंय आणि ते वाचून मी आतून थंड पडले. टाइप वनमध्ये इन्सुलिन थांबवलं तर माणूस काही दिवसांत मरू शकतो. मी त्या बाईंना वेगळा मेसेज केला. त्यानंतर मला ग्रुपमधून काढलं.

रिफंडचं असं की नियमात लिहिलंय, "प्रोटोकॉल १०० टक्के पाळला असेल तरच". मी नवव्या आठवड्यात स्टेरॉइड घेतलं म्हणजे पाळला नाही. तिसरं ईमेल गेलंय, उत्तर आलं की सांगते. ५ पैकी २, त्यातला दीड झोपेच्या सेशनसाठी आणि अर्धा डायरीसाठी. मेथोट्रेक्सेट १५ वर आहे, सीआरपी परवा ६ आला, अर्धा तास चालते रोज, आणि सकाळी बोटं २५ मिनिटांत मुठीत येतात, रताळ्याच्या दिवसांपेक्षा ५ मिनिटं जास्त.